पात्याला लागेल तेवढंच पाणी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा

आज मिल बंद. न्यू हॅम्पशायरच्या या गावात दसरा कुणाला ठाऊक नाही, पण आमच्या घरात आज हत्यारांना सुट्टी असते. बाबांनी कणकवलीजवळच्या सॉमिलमध्ये तीस वर्षं पात्यांवर कानस चालवली. दसऱ्याला तिथे मशीन धुऊन-पुसून झेंडूची माळ चढायची. मीही दोन्ही चाकांवरचे रबरी पट्टे पुसले, गाईड रोलरच्या मागे साचलेला भुसा ब्रशने काढला आणि पेटीला हळद-कुंकू वाहिलं.

आमची मिल ट्रेलरवरची. झाड पडलंय तिथे नेऊन उभी करता येते. ओंडका जागेवर राहतो आणि पात्याची पेटी रुळांवरून त्याच्यावर सरकत जाते. दोन्ही चाकांवरून फिरणारं पातं सव्वा इंच रुंद, तेरा फुटांहून थोडं जास्त लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड. एवढ्या बारीक पात्यामुळे लाकूड भुशात कमी जातं. पण बारीक पातं रुसतंही पटकन.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी व्हाइट पाइनचा बावीस इंची ओंडका चढवला. पहिल्या तीन फळ्या सरळ निघाल्या. चौथी टोकाला इंचभर आणि मध्ये सव्वा इंच. पाचवीत तर लाटच उठली. पातं कालच धार लावून आलेलं, म्हणून आधी मी ओंडक्याच्या गाठींना दोष दिला.

इंजिन बंद केलं, चाकं पूर्ण थांबू दिली, जाड हातमोजा घालून पाहिलं. दात धारदार होते. पण पात्याच्या दोन्ही अंगांना तपकिरी खपली धरली होती. राळ, आणि तिच्यात भाजून घट्ट झालेला भुसा. नखाने खरवडली तर कडक गुळासारखी तुटली. सारं लक्षात आलं. राळ चिकटली की पातं लाकडाला घासतं, घासलं की तापतं, तापलं की लांबतं, आणि लांबलं की ताण सुटून वाट सोडतं. राळ बसू नये म्हणून पात्यावर सोडायच्या पाण्याची टाकी भरलेली होती, तोटीही उघडी होती. नळीच्या तोंडात मात्र भुशाचा बोळा बसला होता. मी मशीन पुजलं आणि नळी पाहायची राहिली.

रात्री बाबांना फोन केला. तिकडे पहाट होती. सगळं ऐकून म्हणाले, “चेडवा, फणस फोडूच्या आदी सुरयेक तेल लावतत मा? ह्यां तसांच.” चीक लागल्यावर सुरी घासत बसण्यापेक्षा आधी बोटभर खोबरेल लावायचं, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. इतकी वर्षं ते मिलपर्यंत पोचलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर पाण्याचा हिशेब चालला आहे. लोहार पोलादाला पाणी देतो ते वेगळं, त्याने पातं कणखर होतं. हे पाणी धार वाढवत नाही आणि राळ विरघळवतही नाही. राळेला पाणी जुमानत नाही. ते फक्त पात्यावर पातळ थर धरतं आणि त्या थरावर राळेला बूड टेकता येत नाही. नुसतं पाणी थेंब होऊन ओघळतं, म्हणून वीस लिटरला एक मोठा चमचा भांड्यांचा साबण घालते. मग ते पसरतं. जास्त घातला तर भुशासकट फेस वर येतो.

पाणी पडायचं ते पातं ओंडक्यात शिरण्याच्या जरा आधी. भुसा ओला होऊन गोळे पडू लागले तर पाणी जास्त. पात्यावर पिवळी रेघ उमटायला लागली तर कमी. आवाजानेही कळतं. स्वच्छ पातं एका सुरात चालतं. राळ बसू लागली की सूर जड होतो, आणि ते फळीवर दिसण्याआधी कानाला कळतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज ओक चिरला, आणि पाइनच्याच सवयीने तोटी सैल सोडली. दुपारी रचलेल्या फळ्या पाहिल्या तर पाणी साचलं होतं तिथे निळसर काळे डाग. ओकमध्ये टॅनिन भरपूर. ओलाव्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरडा आणि लोखंडापासून शाई करत, तीच ही गोष्ट. अनवधानाने मी दुसऱ्याच्या फळीवर शाई सांडली होती. ज्यांचं लाकूड होतं त्यांना फोन करून सांगितलं आणि वरचा थर रंधून देण्याचं कबूल केलं.

उरलेला ओक जवळजवळ कोरडा चिरला. दोन-तीन फळ्यांमागे थोडंसं पाणी, तेही पातं पुसण्यापुरतं. खपली धरली नाही. प्रत्येक लाकडाची तहान वेगळी.

९ नोव्हेंबर, शनिवार

शेजारचे आजोबा चाळीस वर्षं लाकूड चिरतात. ते पाणी वापरत नाहीत. डिझेलमध्ये चेनसॉचं तेल मिसळतात आणि त्यात भिजवलेली नमद्याची पट्टी पात्याला टेकवून ठेवतात. त्यांच्या शब्दाला मान देऊन मीही करून पाहिलं. पातं पाहता पाहता लख्ख झालं. पण फळ्यांना वास राहिला, आणि या फळ्यांची कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मांडणी होणार आहे. शिवाय तेलाने चाकांवरचं रबर फुगतं, आणि खाली ठिबकतं ते विहिरीच्या अंगाला. तेल मी बाजूला ठेवलं.

पातं उतरवल्यावर खपली काढायला टर्पेंटाइनचं फडकं घेते. टर्पेंटाइन पाइनच्याच राळेतून निघतं, म्हणजे काट्याने काटा. ही फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकत नाही. ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून बाहेर पसरून सुकवते.

संध्याकाळी वीअर गावी फळ्या पोचवल्या. १७७२ मध्ये याच गावी पाइनवरून दंगा झाला. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराला डोलकाठ्या हव्या होत्या, म्हणून जाड व्हाइट पाइन राजाचे मानले जात. या वसाहतीच्या कायद्यात बारा इंचांवरचं झाडही तोडायची मुभा नव्हती. तसे ओंडके सापडले म्हणून सॉमिलवाल्यांना दंड झाला आणि वॉरंट घेऊन आलेल्या शेरीफला लोकांनी फोकांनी बडवून काढलं. माझा बावीस इंची ओंडका तेव्हा राजाचाच ठरला असता. त्यांच्या करवतींनाही हीच राळ चिकटत असणार.

३० नोव्हेंबर, शनिवार

रात्री पारा उणे सहावर गेला. सकाळी नळीत बर्फ, तोटी फिरेना. कढत पाण्याचं फडकं गुंडाळून अर्धा तास बसले. आता थंडीभर टाकीत गाडीची काच धुण्याचं हिवाळी द्रव घालायचं. त्यात मिथेनॉल असतं, म्हणून गोठत नाही. पण ते विष आहे. हातमोजे घालते, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहते, आणि काम संपलं की टाकी आणि नळी रिकामी करते.

२१ डिसेंबर, शनिवार

ओंडके आतपर्यंत गोठले आहेत. भुसा पिठासारखा बारीक पडतो, दातांच्या खाचांतून निसटतो आणि फळीवर गोठून बसतो. पातं त्याच्यावर चढून नागमोडी जातं. आज द्रव वाढवून पाहिलं तर भुसा आणखी चिकटला. मग तोटी कमी केली, दातांचा कोन कमी असलेलं, चार अंशांचं पातं चढवलं आणि प्रत्येक फळीमागे ओंडका झाडूने साफ केला. तेव्हा कुठे सरळ रेघ आली. द्रव वाढवणं हाच उपाय असतो असं नाही, हे शिकायला दोन महिने गेले.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. संक्रांत

कामाच्या शेवटाचा क्रम आता हाताला बसला आहे. शेवटची फळी निघाली की पातं मोकळ्यावर काही सेकंद ओलं फिरवायचं, तोटी बंद, मग कोरडं फिरवायचं. इंजिन थांबलं, चाकं थांबली की दोन्ही अंगं कोरड्या फडक्याने पुसायची. शेवटी ताण सैल करायचा. रात्रीच्या गारठ्यात पोलाद आखडतं आणि ताणलेल्या पात्याला बारीक चिरा जाऊ शकतात. हे सारं पाच मिनिटांचं काम आहे, पण ते त्याच पाच मिनिटांत व्हावं लागतं. रात्रभर वाळलेली राळ सकाळी अर्धा तास खाते.

दुपारी बाबांना व्हिडिओवर मिल दाखवली. फळ्यांची थप्पी त्यांनी पाहिली न पाहिली. फोन पात्याजवळ न्यायला लावला, दातांच्या खाचा एकेक करून पाहिल्या आणि मान हलवली. मी तिळगूळ घ्या म्हणायच्या आत विचारलं, “तोटी बंद केलंस मा?”

हो म्हणून गेले, आणि तरी वळून पाहिलं. एक थेंब नळीच्या टोकाला लटकला होता. तो पडला, दुसरा भरू लागला. फोन खाली ठेवून तोटी आणखी एक पाव फेरा आवळली.