दहिसर ते सिंचू, व्हाया चेकनाका

दहिसर म्हटलं की मुंबईकराला आधी चेकनाका आठवतो. जकात २०१७मध्ये बंद झाली, हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४मध्ये गेला, पण 'नाका' काही गेला नाही. महापालिकेची हद्द इथं संपते, पलीकडे ठाणे जिल्हा. टाउनकडच्या मित्रांना घरी बोलावलं की ते 'पासपोर्ट लागेल का?' विचारतात. विचारू देत! मेट्रोच्या २ए आणि ७ या दोन्ही लाइन दहिसर पूर्वला येऊन मिळतात, आणि नॅशनल पार्कातून येणारी अख्खी नदी आमच्याकडे आहे (तिच्या रंगाबद्दल नंतर कधीतरी).

पासपोर्टचं म्हणाल तर तो इथल्या पोरांकडे खरंच तयार असतो. रिक्षांच्या मागे 'चीनमध्ये एमबीबीएस'चे फलक फिरतात. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी घ्या. नीट पास, पण सरकारी सीट हुकली. खासगी कॉलेजची फी ऐकून काका गप्प झाले. मग एजंट आला, चकाचक ब्रोशर आलं, आणि काका पीएफ मोडायला निघाले. "ताई, तू पत्रकार ना, जरा बघ ना," ती म्हणाली. रविवारी कांदरपाड्यातल्या टपरीवर कटिंग घेत आम्ही कागद उघडले.

परतीच्या वाटेवरही एक नाका आहे, हे ब्रोशरमध्ये कुठेच नव्हतं. त्याचं नाव एफएमजीई. तीनशेपैकी दीडशे मार्क मिळाले तरच इथं डॉक्टर. बीजिंगमधल्या भारतीय दूतावासानं २०२२मध्ये आकडे दिले होते: २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेले ४०,४१७ जण परीक्षेला बसले, पास झाले ६,३८७. म्हणजे शंभरातले सोळा. शिवाय नोव्हेंबर २०२१चे नियम: कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून, १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथंच, आणि त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन्स मिळण्याची पात्रताही हवी. बरं, वर्ग इंग्रजीत असला तरी पेशंट 'पोट दुखतंय' हे चिनीतच सांगणार. म्हणून एचएसके परीक्षेच्या चौथ्या लेव्हलपर्यंत भाषा शिकायची. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले ते मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकून. आता गंगा उलटी वाहतेय.

आणि २०२० विसरू नका. मार्चमध्ये चीननं दारं लावली, विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू झाले ऑगस्ट २०२२मध्ये. मधली दोनेक वर्षं मेडिकलची पोरं बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर. पेशंट कुठून आणायचा?

गंमत म्हणजे तिच्या भावाचा विचार कुणीच केला नव्हता. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्यासाठी माझ्या मते चिनी बोलणाऱ्या जगातला बेस्ट ऑप्शन तैवान! सिंचू शहरात नॅशनल त्सिंग हुआ युनिव्हर्सिटी आणि शेजारी सायन्स पार्क, जिथं चिप बनवणारी टीएसएमसी आहे. मास्टर्स, पीएचडीचे बरेच कोर्स इंग्रजीतून. आधी भाषाच शिकायची असेल तर तैवान सरकारची हुआयू स्कॉलरशिप आहे. तैवानचं ऑफिसही ऑक्टोबर २०२४पासून मुंबईत आहे, दिल्लीला पळायला नको. फक्त एक लक्षात ठेवा: चीनमध्ये सोपी केलेली अक्षरं, तैवानमध्ये जुनी, जास्त रेघांची. परीक्षाही वेगळी, टीओसीएफएल. क्लास लावण्याआधी देश ठरवा. आणि चिनी वातावरण हवं पण भाषेचं टेन्शन नको, तर सिंगापूर. खर्च मात्र काकांना सांगायची हिंमत मला झाली नाही.

भावानं त्याच रात्री सिंचूच्या कोर्सची यादी डाउनलोड केली. ताईसाहेबांचं चीनचं वेड गेलेलं नाही, जाऊही नये. तिनं एजंटला तीन प्रश्न मेल केलेत: इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, लायसन्सची पात्रता कुठल्या कागदावर, आणि तुमच्याकडून गेलेल्यांपैकी एफएमजीई पास किती?

पंधरा दिवस झाले. एजंटचा फोन रोज येतो, मेलला उत्तर नाही. काकांनी पीएफचा फॉर्म अजून भरलेला नाही.