ताम्हिणीच्या पाण्यावर एक दिवस

मासे धरणें हा आळशी मनुष्याचा उद्योग आहे, असें आपल्याकडे पुष्कळांस वाटतें. परंतु इंग्लंडांत आयझाक वॉल्टन नांवाच्या गृहस्थानें १६५३ सालीं गळानें मासे धरण्याच्या विद्येवर एक सबंध ग्रंथ लिहिला, आणि तो आजहि आवडीनें वाचला जातो. त्यांत पाईक नांवाच्या माशाचें वर्णन आहे. हा मासा पाणवनस्पतींत दबा धरून बसतो व जवळून जाणाऱ्या मासोळीवर बाणासारखा तुटून पडतो. तिकडील हौशी लोक ऐन हिंवाळ्यांत, बोटें बधिर करणाऱ्या थंडींत, त्याच्यासाठीं नदीकाठीं दिवसचे दिवस बसून राहतात. आपल्या नद्यांत पाईक नाहीं. पण त्याच्याच चालीची मरळ आहे. गेल्या पौषांत आमच्या एका स्नेह्याच्या संगतींत आम्ही एक दिवस या मरळीच्या मागें घालविला, त्याची हकीकत येथें सांगावी असें मनांत आहे.

आमचे हे स्नेही मुळशी तालुक्यांतील ताम्हिणीच्या बाजूचे शेतकरी. शाळेंत आम्ही एका बांकावर बसत असूं. पुण्याहून पौडावरून जाणारा रस्ता पुढें मुळशीच्या तलावाच्या कडेकडेनें ताम्हिणीच्या घाटाकडे जातो. आम्ही पोंचलों तेव्हां पाण्यावर धुकें इतकें दाट होतें कीं, पलीकडचा डोंगर आहे कीं नाहीं याचीहि शंका यावी. स्नेही बांबूच्या दोन काठ्या, गळ आणि फडक्यांत बांधलेली शिदोरी घेऊन उभाच होता. येथील रानाचा मोठा भाग २०१३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तिकडे मासे धरणें वर्ज्य. म्हणून ती बाजू सोडून, गांवकरी जेथें घरापुरते मासे धरतात, अशा काठावर आम्ही उभयतां जाऊन बसलों.

सकाळचे तीन तास कांहींच घडलें नाहीं. दोरीला बांधलेली बोरूची कांडी पाण्यावर स्वस्थ पडून होती. खंड्यानें मात्र आमच्या देखत दोन मासोळ्या उचलल्या. आम्हांस उतावीळ झालेलें पाहून स्नेही हंसला व म्हणाला, "अरे, घाई कशाची? श्वास घ्यायला तिला वर यावेंच लागेल."

मरळीच्या अंगीं हा एक विशेष आहे. केवळ कल्ल्यांवर तिचें भागत नाहीं. डोक्यांतील एका पोकळींत हवा भरून घेण्यासाठीं तिला अधूनमधून पृष्ठभागावर यावें लागतें. म्हणूनच बाजारांत ती ओल्या पाटींत पुष्कळ वेळ जिवंत राहते, आणि म्हणूनच जाणत्या डोळ्यांस तिचा ठाव लागतो. मात्र थंड पाण्यांत तिची भूकहि मंदावते व वर येणेंहि कमी होतें. तेव्हां हिंवाळ्यांतील मरळ म्हणजे धीराची परीक्षाच होय.

"मग पावसाळ्यांत कां येत नाहींस?" आम्हीं विचारलें.

स्नेह्यानें उत्तर दिलें तें आमच्या मनांत कायमचें राहिलें आहे. पावसाळ्यांत नर व मादी मिळून गवतांत जागा साफ करतात. अंडीं पाण्यावर तरंगतात. तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या थरांत फिरतो आणि आईबाप त्याच्याखालीं पहारा देत हिंडतात. "त्या वेळीं मरळ कोणी लहान पोरसुद्धां धरील," तो म्हणाला. "पिलांजवळ कांहींहि टाका, ती त्यावर धांवून येते. भुकेनें नव्हे, रागानें. पण तिला काढली कीं ती सगळीं पिलें दुसऱ्या माशांच्या पोटांत जातात. आमचे आजोबा म्हणत, घ्यायचें तर थंडींत घ्या. थंडींत ती कोणाची आई नसते."

दुपारीं तांदळाची भाकरी व पावट्याची उसळ खातांना त्यानें बोटानें पाण्याकडे दाखविलें. "तिकडे, त्या वाळल्या खोडाच्या पलीकडे, आमच्या पणजोबांचीं खाचरें होतीं. आंबेमोहोर पिकत असे. त्यांना मात्र हंगाम कोणीं विचारला नाहीं."

हा इतिहास आमच्या वाचकांपैकीं कांहींस ठाऊक असेल. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं मुळा नदीवर धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां ५२ गांवांवर संकट ओढवलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले व सेनापति या नांवानें ओळखले जाऊं लागले. १९२४ पर्यंत हा लढा चालला. पण धरण झालेंच. जी नदी पूर्वेस भीमेकडे वाहावयाची, तिचें पाणी डोंगरांतून पश्चिमेस वळवून कोंकणांत भिरा येथें उतरविण्यांत आलें. १९२७ पासून तेथें वीज होऊं लागली. सांगतांना स्नेह्याच्या स्वरांत कडवटपणा नव्हता. एवढेंच म्हणाला कीं, उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे जुन्या बांधांचे दगड दिसतात, आणि त्याची आई ते पाहावयास कधीं येत नाहीं.

ऊन कलल्यावर त्या खोडाजवळ पाणी हळूच हललें व एक बुडबुडा फुटला. स्नेह्यानें गळ अलगद तेथें सोडला. कांडी एकदां थरथरली आणि दिसेनाशी झाली. काठी वांकली; घटकाभर ओढाताण झाली; अखेर हातभर लांबीची, काळसर पाठीची मरळ काठावर आली. इतक्यांत थोड्या अंतरावर तसाच दुसरा बुडबुडा उठला. आम्ही आनंदानें आपली काठी उचलली, तों स्नेही दोरी गुंडाळूं लागला होता. "घरांत आम्ही पांच माणसें," तो म्हणाला, "आणि तूं सहावा. ही पुरेल." आम्हींहि काठी खालीं ठेविली.

विद्यार्थिमित्रांनो, घेतल्यावांचून कोणाचेंहि चालत नाहीं. शेतकरी जमिनीपासून घेतो, शहर नदीपासून घेतें, आणि आपण दिव्याचें बटण दाबतों तेव्हां आपणहि कोणाचें तरी घेत असतों. परंतु समोरच्याच्या पाठीमागें कोण आहे हें पाहून घेणें आणि पोटापुरतें झाल्यावर थांबणें, एवढें शिकावयास पुष्कळ वर्षें लागतात. आमच्या स्नेह्याच्या घरीं तें आजोबांनीं शिकविलें. इतर घरींहि तें शिकविलें जावें, एवढीच आमची आईबापांस विनंति आहे.