प्लग काढा, दहा मोजा

गेल्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना एका काकूंनी विचारलं, "अहो, तुमचं काम तरी नक्की काय? रात्री-अपरात्री जागता, आणि विचारलं की म्हणता, हल्ली सगळं आपोआप होतं!" आम्ही हसून विषय टाळला. पण काकू सोडणाऱ्यांतल्या नाहीत. आपल्या अंकाचं कामही त्याच बघतात, तेव्हा "मग लिहूनच द्या" असा हुकूम सुटला. हा लेख म्हणजे त्या हुकमाची तामिली.

लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिलाय. आमच्यातला एक इथल्या एका दुकानांच्या साखळीत नेटवर्क सांभाळतो. दुसरी सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत सहा वर्षं नोकरी करून लग्नानंतर इकडे आली आणि आता हिशेबनिसांच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते. सोयीसाठी पुढे 'नेटवर्कवाला' आणि 'बँकवाली' असंच म्हणू.

आधी काम काय ते सांगतो. प्रत्येक दुकानाच्या मागच्या बाजूला एका कपाटात एक डबा असतो, त्याला स्विच म्हणतात. गल्ल्याचं यंत्र, कार्डाचं यंत्र, कॅमेरे, टेलिफोन, सगळ्यांच्या तारा त्यात येतात. तार एकच असली तरी आतून तिचे पट्टे पाडलेले असतात. आपल्याकडे इथे रस्त्यावर सायकलींचा लाल पट्टा वेगळा, बसचा वेगळा, गाड्यांचा वेगळा, तसंच. कार्डाच्या पैशांनी कॅमेऱ्याच्या पट्ट्यात शिरायचं नाही. कोणता पट्टा कुठून कुठे जाईल, हे त्या डब्याला लेखी हुकूम देऊन सांगावं लागतं. दुकानं आहेत दीडशेच्या वर. नवा पट्टा सुरू करायचा म्हणजे पूर्वी दुकानं बंद झाल्यावर रात्री एकेका डब्यात शिरून तेच तेच हुकूम हाताने टाइप करायचे. दोन-तीन आठवडे जायचे, आणि शंभराव्या डब्याला माणूस पेंगलेला असायचा.

मग ऑटोमेशन आलं. अ‍ॅन्सिबल नावाचं एक सॉफ्टवेअर २०१२ साली निघालं. त्यात हुकूम एकदाच फाइलमध्ये लिहायचे, दुकानांची यादी द्यायची, आणि ते आपलं आपण एका वेळी पाच-पाच डबे उरकत जातं. ते पायथन भाषेत लिहिलेलं आहे, आणि ही पायथन जन्मली आपल्या अ‍ॅमस्टरडॅमलाच! सी.डब्ल्यू.आय. या गणित आणि संगणकशास्त्राच्या संस्थेत गिडो व्हान रॉसम या गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि १९९१ साली लोकांसाठी खुली केली. सुट्टीत स्कीइंगला न जाता माणूस काय करू शकतो बघा.

तसा हा देश आपोआप चालणाऱ्या गोष्टींत जुनाच. ख्रोनिंगन प्रांतातल्या वार्फम गावातलं हाताने जोडायचं शेवटचं टेलिफोन एक्स्चेंज १९६२ साली गेलं आणि देशभरातले फोन आपोआप जोडले जाऊ लागले. भारतात त्याच सुमाराला, १९६० मध्ये, लखनौ ते कानपूर अशी पहिली एस.टी.डी. सुरू झाली होती. बाकी आपण सगळे ट्रंक कॉल लावून बसलेलो. बँकवालीची एक मावशी साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये होती. डॉक्टर या वेळी कोणाकडे व्हिजिटला गेलेत हे तिला पाठ असायचं. घरी नाही लागला तर ती न विचारताच तिकडे जोडून द्यायची. पुढे आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं आणि मावशीला बिलं लावायच्या टेबलावर बसवलं. नोकरी गेली नाही. पण "मला आता कोणी आवाजावरून ओळखत नाही गं," असं ती म्हणायची. नेटवर्कवाल्याच्या ऑफिसात ऑटोमेशनची पहिली बैठक झाली त्या रात्री आम्हाला ही मावशी आठवली, आणि झोप काही लागली नाही. तेव्हा आम्ही कुशल कामगाराच्या परवान्यावर होतो. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलगी नुकतीच इथल्या शाळेत रमली होती.

आता त्या रात्रीची गोष्ट. ऑक्टोबर २०१९, बुधवार. एक नवा पट्टा सगळ्या दुकानांत जोडायचा होता. त्याचा हुकूम असा असतो: 'या पट्ट्यांना परवानगी', आणि पुढे 'अ‍ॅड चाळीस', म्हणजे आहेत त्यांत चाळीस नंबरचा मिळव. हा 'अ‍ॅड' राहिला तर डबा काय समजतो? फक्त चाळीस चालू, बाकी सगळे बंद. या धंद्यातली ही फार जुनी आणि प्रसिद्ध चूक आहे. नेटवर्कवाल्याने पूर्वी ती एकदा हाताने केलीही होती. एकच दुकान बंद पडलं, अर्ध्या तासात चालू झालं, कोणाला कळलंही नाही. या वेळी 'अ‍ॅड' फाइलमध्येच राहिला. ऑफिसातल्या डब्यावर चाचणी घेतली होती, पण त्याला दुसरे पट्टेच नव्हते, मग बंद काय पडणार?

रात्री दोनला काम सुरू करून नेटवर्कवाला चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. आलं किसून, चहा गाळून परत आला तर पडद्यावर लालच लाल. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे बदल झाला, लाल म्हणजे बिघडलं. थांबवेपर्यंत अडतीस दुकानं गेली होती. आणि गंमत अशी (तेव्हा गंमत वाटली नव्हती) की आपण ज्या पट्ट्यावरून डब्यात शिरतो तोही बंद! म्हणजे घराला आतून कडी लावून आपण बाहेर. इथे बरेच लोक खिशात रोख पैसे ठेवत नाहीत; कार्ड चाललं नाही तर दुकान उघडूनही न उघडल्यासारखंच.

ऑफिसात निवृत्तीला आलेले एक डच गृहस्थ होते. ते कुठल्याही डब्याला हात लावण्याआधी 'दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन परत चालू हो' असा हुकूम देऊन ठेवायचे. काम नीट झालं की तो रद्द करायचे. आपण बाहेर अडकलो तरी दहा मिनिटांत डबा जुन्या हुकमांसह परत उभा. आम्ही तरुण मंडळी त्यांना भित्रे म्हणायचो. फाइलमध्ये ही त्यांची युक्ती कोणी घातलीच नव्हती, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. ती त्यांच्या बोटांत होती.

साहेबांना अडीच वाजता उठवलं. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "बरं, मग आता काय?" तेव्हा लक्षात आलं की हुकूम कायमचे साठवण्याची पायरी सर्वात शेवटी होती आणि तिथपर्यंत गाडी पोचलीच नव्हती. म्हणजे नुसता डब्याचा प्लग काढून परत लावला की जुनी घडी परत येणार. पण अडतीस गावांत प्लग काढणार कोण? दुकानाचे मॅनेजर. यादी वाटून घेतली, आमच्या वाट्याला चौदा आली.

पहाटे सहापासून आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोन फोन घेऊन बसलो. बँकवाली तेव्हा लायब्ररीत डच शिकायला जायची. तिने तीन तुकड्यांचं एक वाक्य कागदावर लिहून घेतलं: "स्टेकर एरआउट, टीन टेलन, स्टेकर एरिन." प्लग काढा, दहा मोजा, प्लग लावा. पलीकडून झोपेतल्या आवाजात लांबलचक काहीतरी यायचं, ही आपलं तेच वाक्य परत म्हणायची. एका बाईंनी मोठ्या तत्परतेने थंड पेयांच्या कपाटाचाच प्लग काढला. एकजण फोनवरच मोठ्याने दहापर्यंत मोजत होते, आणि आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर मोजत होतो. मेपलच्या दुकानात कपाटाला कुलूप, आणि किल्ली रजेवर गेलेल्याकडे. तिथे नेटवर्कवाला स्वतः गाडी घेऊन गेला. मुलीला शेजारच्या बाईंनी शाळेत पोचवलं. अकराच्या आत सगळी दुकानं चालू झाली. ज्या कामाला माणूस लागणार नाही म्हणून सॉफ्टवेअर आणलं, ते निस्तरायला अडतीस माणसं अंथरुणातून उठवावी लागली.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला नेटवर्कवाला राजीनामा मनात लिहूनच गेला. तिथे 'कोणी केलं' असं कोणी विचारलं नाही. विचारलं ते असं, की एक गळलेला शब्द दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून न जाता अडतीस दुकानांत पोचलाच कसा? उत्तर नव्हतं. घरी जेवताना बँकवाली म्हणाली, "आमच्या बँकेत शिपायाच्या चहाच्या पन्नास रुपयांच्या व्हाउचरवर दोन सह्या लागायच्या. लिहिणारा वेगळा, पास करणारा वेगळा. तुमच्याकडे अख्ख्या देशातली दुकानं एकट्याच्या सहीवर?" नेटवर्कवाल्याने हे तसंच्या तसं साहेबांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. डच लोक यालाच चार डोळ्यांचं तत्त्व म्हणतात. तेव्हापासून फाइल दुसऱ्याने वाचून पास केल्याशिवाय चालत नाही. आधी एक दुकान, मग पाच, मग बाकीची. पहिल्यात लाल दिसलं की गाडी तिथेच थांबते. आणि निवृत्त होण्याआधी त्या डच गृहस्थांना शेजारी बसवून तीन महिने त्यांची बोटं काय काय करतात ते लिहून काढलं. आमच्या मते ऑटोमेशनचा खरा फायदा हाच झाला. माहितीपत्रकात लिहितात की चुका कमी होतात. होतात कमी, पण जी होते ती सगळीकडे एकदम होते.

४ ऑक्टोबर २०२१ ची संध्याकाळ आपल्या सगळ्यांना आठवत असेल. व्हॉट्सअ‍ॅप सहाएक तास बंद होतं आणि सगळ्यांच्या आया काळजीत. नेहमीच्या देखभालीतल्या एका हुकमाने फेसबुकची अंतर्गत जोडणीच तुटली होती. असे हुकूम तपासायला नेमलेल्या प्रोग्राममध्येच दोष होता, म्हणून त्याने अडवलं नाही. मग इंजिनिअरांना यंत्रांपाशी प्रत्यक्ष जावं लागलं. इकडे साताऱ्याहून साधा फोन आला, "अगं, तुमचं ते बंद का पडलंय?" जणू आम्हीच पाडलंय! त्या इंजिनिअरांची आम्हाला जितकी दया आली तितकी क्वचितच कोणाला आली असेल.

काकूंनी 'ऑर्केस्ट्रेशन' हा शब्दही कुठूनतरी ऐकला होता. लग्नघर डोळ्यापुढे आणा. पुऱ्या लाटायचं यंत्र आणलं, ते ऑटोमेशन. पण मुहूर्त झाला की पंगत बसवायची, पंगत बसली की पुऱ्या सोडायच्या, भटजींचं ताट आधी, वऱ्हाडाच्या बसला निरोप, हे सगळं ओळीने लावणारी एक आत्या लागते. ती म्हणजे ऑर्केस्ट्रेशन. नवं दुकान उघडायचं तर लाइन मागवणं, पत्ते देणं, डबा बसवणं, हिशेबात नोंद करणं अशी पाच खात्यांची कामं. पूर्वी कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत महिना-दीड महिना जायचा. २०२२ पासून एक प्रोग्राम ती ओळीने पुढे ढकलतो, आणि एक पायरी झाल्याशिवाय पुढची सोडत नाही. इथल्या विद्यापीठांचं नेटवर्क चालवणाऱ्या सुर्फ संस्थेने असा प्रोग्राम स्वतः लिहून सर्वांना फुकट खुला केला, आणि अमेरिकेतली ईएसनेट त्यात सहभागी झाली.

राहिला नोकरीचा प्रश्न. सातांचे पाच झाले. एक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. एकाला दुसऱ्या खात्यात हलवलं आणि तो तिथे खूश नाही. चार डोळ्यांपैकी दोन आता हिंजवडीत असतात, नात्याने आमचे कोणी नाहीत, पण रोज सकाळी 'दादा, एक ओळ चुकलीय' असा निरोप येतो. आम्हाला त्याचा राग येत नाही असं म्हणणार नाही. ओळ मात्र बहुतेक वेळा खरोखरच चुकलेली असते.

ता. क. कोजागिरीला आम्ही उशिरा येऊ. त्या रात्री बारा दुकानं जोडायची आहेत. आधी एक, मग पाच. मसाला दूध ठेवा.