चार ऋतूंचं एक खुराडं

दिल्लीतल्या सफदरजंगच्या वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. त्यानंतर महिना पुरा व्हायच्या आत, २८ जूनच्या सकाळी, तिथेच चोवीस तासांचा २२८.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आणि १ जानेवारी २०२१च्या पहाटे याच वेधशाळेने १.१ अंश तापमान पाहिलं होतं. कोंबड्या पाळायचा सल्ला मागायला जो कुणी येतो त्याला मी आधी हे तीन आकडे सांगतो. नजफगढपलीकडची गावं, लोणी, दादरी, फरिदाबादच्या कडेच्या वस्त्या, या भागात परसात दहा-वीस कोंबड्या ठेवणारी घरं अजून पुष्कळ आहेत. अलीकडे हौसेने पाळणारे शहरी लोकही त्यात आले आहेत. जात कोणती घ्यावी, खाद्य कोणतं द्यावं, हे सगळे विचारतात. हवेचं कुणी विचारत नाही, आणि मी पाहिलेली बहुतेक मरतूक हवेशी जुळवून न घेतल्यामुळे झालेली आहे.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं. हवा त्याहून बरीच थंड असली की तुरा, गल्लोल, पाय आणि पंखांखालची उघडी कातडी यांतून उष्णता बाहेर जाते. बाहेर ४५ अंश झाले की हा रस्ता बंद होतो, उलट हवेतली उष्णता अंगात शिरू लागते. मग धापणं एवढंच हातात राहतं. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, गळ्याची कातडी थरथरतेय आणि श्वास मिनिटाला दीडशेच्या वर, असा पक्षी दिसला की समजावं, श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ करून तो स्वतःला थंड करतो आहे. या धापण्याची किंमत अंड्याला मोजावी लागते. भराभर श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून मे महिन्यात अंड्यांची टरफलं कागदासारखी पातळ होतात. लोक शिंपल्यांचा चुरा वाढवतात. तो द्यावाच, पण धाप थांबेपर्यंत नुसत्या चुऱ्याने कवच जाड होत नाही. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घातला तर अधिक उपयोग होतो.

आता यातली खरी गोम. वाफ कोरड्या हवेत होते, दमट हवेत होत नाही.

विटा-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं दिल्लीत सोन्याचांदीच्या गाळणीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतल्या एका घराने शहराबाहेर जागा घेतली आणि घरातल्या काकूंनी गावाकडच्यासारख्या कोंबड्या पाळल्या. लू चालू असताना त्यांनी खुराड्याच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, समोर कूलर ठेवला, आणि अख्ख्या मे महिन्यात एकही पक्षी गेला नाही. जुलैत तापमान ३५च्या आसपास उतरलं आणि कोंबड्या मरू लागल्या. मला बोलावलं तेव्हा काकू म्हणाल्या, “डॉक्टर, एवढा उन्हाळा काढला की हो त्यांनी, मग आता काय झालं?” कूलर चालूच होता. हवेत आधीच ऐंशी टक्के ओल, त्यात कूलर आणखी ओल फेकत होता आणि तीन बाजूंनी लावलेली गोणपाटं वाराच येऊ देत नव्हती. धापून धापून पक्ष्यांच्या अंगातून वाफच निघेना. आम्ही कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा ठेवला आणि गोणपाटं काढून टाकली. दुसऱ्या दिवसापासून पक्षी दाणे टिपू लागले.

मेमध्ये जे उपाय जीव वाचवतात तेच जुलैत जीव घेतात. दिल्लीच्या आसपास कोंबड्या पाळणाऱ्याने हे एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

कोकणातल्या माणसाला दमटपणा ठाऊक असतो, विदर्भातल्याला ऊन ठाऊक असतं. इथे दोन्ही एकापाठोपाठ येतात, आणि त्यावर थंडी. आपल्याकडे रोहिणी नक्षत्र लागलं की शेतकरी आभाळाकडे डोळे लावतो. इथे त्याच दिवसांना नौतपा म्हणतात आणि लोक दारं लावून घेतात. त्या दिवसांत संध्याकाळी आंधी आली तर तासाभरात तापमान दहा-पंधरा अंश उतरतं. मोठे पक्षी हे सोसतात. पंधरा-वीस दिवसांची पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून पिल्लांच्या जागेत कोपरे ठेवूच नयेत, पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करावं.

पक्ष्याचं शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला आठवडाभर तरी हवा. २०२२चा मार्च हा देशातला १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत गरम मार्च ठरला. थंडीतून बाहेर पडलेल्या कोंबड्यांना सरावायला सवडच मिळाली नाही. तेव्हापासून मी लोकांना होळीच्या आधीच छपराची कामं उरकायला लावतो. पत्र्याला चुना, त्यावर पेंढ्याचा जाड थर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ज्या पराळीला पंजाब-हरियाणात आग लावतात आणि जिचा धूर इथवर येतो, तीच पराळी छपरावर पसरून दुपारी भिजवली तर आतला ताप चांगलाच उतरतो. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी आणि पश्चिमेला तुतीचं झाड लावावं. उन्हाळ्यात तिची गर्द सावली पडते, थंडीत पानं झडली की ऊन आत येतं, आणि एप्रिलमध्ये खाली पडलेली फळं कोंबड्या आवडीने खातात.

दाणा दुपारी देऊ नये. पचनातून निघणारी उष्णता खाल्ल्यावर काही तासांनी चढते, ती नेमकी कडक उन्हात पडते. पहाटे पाचला आणि ऊन उतरल्यावर खायला द्यावं. सकाळी दहानंतर भांडी उचलून ठेवावीत. पाणी मात्र कधीच तुटू नये. एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पिणारी कोंबडी उन्हाळ्यात चौपट पिते, पण गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी ती नाकारते. सावलीत मातीची पसरट भांडी ठेवावीत आणि दुपारी पाणी बदलावं. एखादी अगदी आडवी पडली तर पाय आणि तुरा गार पाण्याने भिजवावा.

जातीबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या अंगाचे, झटपट वाढणारे पक्षी या भागात परसात ठेवू नयेत, ते मेमध्ये हमखास दगा देतात. बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९पासून केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे देशी पक्ष्यांशी संकर करून परसासाठी जाती तयार केल्या आहेत: असीलपासून निर्भीक, कडकनाथपासून श्यामा, बिनपिसांच्या मानेच्या कोंबडीपासून हितकारी आणि उलट्या पिसांच्या कोंबडीपासून उपकारी. उलट्या पिसांची कोंबडी म्हटली की आपल्याकडे देवऋषी आठवतो, पण तिची वळलेली पिसं अंगाला घट्ट चिकटत नाहीत, त्यांतून वारा कातडीपर्यंत पोहोचतो. हितकारीची उघडी मान हेच काम करते. लू सोसायला हितकारीसारखी नाही. मात्र जानेवारीत तिला इतरांपेक्षा जास्त ऊब आणि जास्त दाणा लागतो, हे धरूनच ती घ्यावी.

पावसाळ्यात लक्ष गादीवर ठेवावं. तुसाची मूठ भरून दाबावी. हात उघडल्यावर भुगा झाला तर ठीक, लाडू राहिला तर त्याच दिवशी उलटून चुना मिसळावा, नाहीतर पिल्लांना रक्ती हगवण लागते. मका ओला झाला की बुरशी धरते. असा मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. डास वाढले की देवी येते. आणि यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरपट्ट्यात, पाळणाऱ्यांनी १३ जुलै २०२३ विसरू नये. त्या दिवशी जुन्या लोखंडी पुलापाशी नदी २०८.६६ मीटरपर्यंत चढली होती आणि खादरातली माणसं जनावरांसकट रस्त्यावर आली होती. डालगी हाताशी असतील तर अशा वेळी कोंबड्या पटकन हलवता येतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे धुरकं असतं. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि मागेपुढे हवेच्या पिशव्या असतात. ही रचना आपल्या फुप्फुसांपेक्षा हवेतून जास्त प्राणवायू काढून घेते, आणि हवेतलं विषही तितक्याच सफाईने. रात्री घरघर ऐकू येऊ लागली की लोक थंडी म्हणून खुराडं प्लॅस्टिकने चहूबाजूंनी गुंडाळतात. आतला अमोनिया मग आतच राहतो. पहाटे खुराड्यात उकिडवं बसावं, नाक कोंबडीच्या उंचीला आणावं. डोळे चुरचुरले तर वरून वीतभर जागा मोकळी सोडावी, मग बाहेर कितीही धुकं असो. कोळशाची अंगीठी बंद खुराड्यात कधीही ठेवू नये.

डिसेंबरात अंडी घटतात, त्याचा दोष थंडीला दिला जातो. दोष बराचसा उजेडाचा असतो. दिल्लीचा दिवस जूनमध्ये १४ तासांचा आणि डिसेंबरात १० तासांच्या थोडा वर असतो, तर भरात अंडी घालायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे चारला लागणारा एक साधा बल्ब अंडी परत आणतो. तो संध्याकाळी लावू नये. बल्ब एकदम विझला की पक्षी अंधारात चाचपडतात, दांड्यावर चढू शकत नाहीत.

राणीखेतची, म्हणजे आपल्या मानमोडीची लस थंडीच्या आधी टोचून घ्यावी. पिल्लाला आठवड्याच्या आत डोळ्यात लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. लस दुकानापासून घरापर्यंत बर्फातच आणावी. स्कूटरच्या डिकीत तापलेली लस देणं म्हणजे न देणंच. जानेवारी २०२१मध्ये बर्ड फ्लूमुळे गाझीपूरचा कोंबडीबाजार बंद झाला, संजय झीलमधली बदकं मारावी लागली, तेव्हा मयूर विहारात कावळे मरून पडत होते. त्यामुळे थंडीत खुराड्यावर जाळी हवी, कावळ्यांनी पाण्याच्या भांड्याला तोंड लावता कामा नये, आणि बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. नवी पिल्लं आणायची असतील तर ती फेब्रुवारीत आणावीत. मे येईतो त्यांना पिसं येतात, अंग हलकं असतं, आणि पाऊस सरता सरता तलंगा अंड्यावर येतात.