हात सोडताना

मराठीत ‘हात सोडणे’ या शब्दप्रयोगाच्या वाट्याला फारसा सद्भाव आलेला नाही. ज्याने हात सोडला त्याने साथ सोडली, असेच आपण मानतो. आधार, आश्वासन, जिव्हाळा हे सारे हात धरण्याकडे जाते. भाषेतील या पक्षपाताकडे आमचे लक्ष वेधले गेले ते मात्र कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, तर आमच्या बारा वर्षांच्या लेकीमुळे.

ती सहा वर्षांपासून जिम्नॅस्टिक्स शिकते. मुलींच्या या खेळात ‘अनइव्हन बार्स’ नावाचे एक साधन असते : कमीअधिक उंचीवरचे दोन आडवे बार. खालचा जमिनीपासून सुमारे १७० सेंटिमीटरवर, वरचा सुमारे २५० सेंटिमीटरवर. खेळाडूने या दोहोंवर झोके, पलट्या, गिरक्या घ्यायच्या आणि शेवटी बार सोडून जमिनीवर यायचे. या उतरण्याला ‘डिसमाउंट’ म्हणतात. लेक जो डिसमाउंट करीत असे त्याचे नाव ‘फ्लायअवे’. वरच्या बारवरून मोठा झोका घ्यायचा, देह बारखालून पुढे वर जाऊ लागला की योग्य क्षणी दोन्ही हात सोडायचे, हवेत मागे एक कोलांटी घ्यायची आणि दोन्ही पायांवर उभे राहायचे. हात सोडण्याची घाई झाली तर पुरेशी उंची मिळत नाही. उशीर झाला तर देह बारच्या धोकादायक जवळ येतो. या दोहोंमधला क्षण इतका अल्प असतो की त्याचा विचार करायला सवड नसते.

दीड वर्ष ती हा डिसमाउंट बिनधोक करीत होती. एका पावसाळ्यात, कुठेही न पडता, कुठेही न लागता, तो तिच्याकडून होईनासा झाला. झोका पूर्वीसारखाच यायचा, पाय पूर्वीसारखेच वर जायचे आणि नेमक्या क्षणी बोटे बारला घट्ट मिठी मारायची. दोन आठवडे हेच चालले. मग एके दिवशी एक हात सुटला आणि दुसरा राहिला. ती हवेत तिरपी फिरली आणि गादीवर कुशीवर आदळली. सुदैवाने हाड शाबूत राहिले. त्या दिवसापासून तिच्या प्रशिक्षक ताईंनी फ्लायअवे बंद केला. आम्हांला त्या एवढेच म्हणाल्या, “सर, मॅडम, सोडणं धोक्याचं नाही, न सोडणंही नाही. अर्धवट सोडणं धोक्याचं.”

घरी आम्ही तिला विचारले, “भीती वाटते का गं?” ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “भीती नाही वाटत, बाबा. मी सोडायचं ठरवते. पण हात ऐकतच नाहीत.”

या उत्तराने आम्ही थबकलो. भीतीला काहीतरी विषय असतो : उंचीची भीती, पडण्याची भीती, पंचांची भीती. विषय सापडला की तिची समजूत घालता येते. इथे समजूत घालायची कुणाची? लेकीची की तिच्या बोटांची?

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा या कोड्याकडे व्याकरणाच्या वाटेने जाणे ओघानेच आले. चार वर्षांचे मूल ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी चिंच खाल्ली’ असे बिनचूक बोलते. इथे क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, याला कर्मणी प्रयोग म्हणतात, हे त्याच्या गावीही नसते. त्याच मुलाला पुढे दहावीत बोलता बोलता थांबवून प्रयोग विचारा, तो चाचरतो. अंगवळणी पडलेली गोष्ट जाणिवेच्या उजेडात ओढून आणली की ती अडखळते. मानसशास्त्रज्ञ रिच मास्टर्स यांनी १९९२ साली गोल्फच्या सरावावर केलेला एक प्रयोग हेच सांगतो. ज्यांना चेंडू मारण्याचे नियम स्पष्ट शब्दांत शिकवले होते, त्यांचा खेळ दडपणाखाली अधिक ढासळला. नियम मनात न साठवता जे शिकले, ते त्या मानाने टिकले. लेकीची बोटे अडली तीही बहुधा अशीच. तिचे कौशल्य नाहीसे झाले नव्हते. त्यावर तिची देखरेख सुरू झाली होती.

हे केवळ नवशिक्यांचे दुखणे नाही. कोविडमुळे २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, २७ जुलैच्या सांघिक अंतिम फेरीत, सिमोन बाइल्स हिने व्हॉल्टवर अडीच गिरक्यांची उडी योजली होती. हवेत तिच्याकडून दीडच गिरकी झाली. आपण हवेत नेमके कुठे आहोत हे देहाला कळेनासे होणे, याला जिम्नॅस्ट ‘ट्विस्टीज’ म्हणतात. तिने त्या फेरीतून आणि पुढच्या बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. ३ ऑगस्टला ती बॅलन्स बीमवर परतली तेव्हा तिच्या डिसमाउंटमध्ये एकही गिरकी नव्हती. जे देहाला जमत नव्हते ते तिने वगळले, जे जमत होते ते केले आणि कांस्यपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली. तिच्या माघारीला दुबळेपणा ठरवणारे त्या वेळी पुष्कळ होते. आम्हांला मात्र तिच्या पुनरागमनाचा आरंभ त्या वगळलेल्या गिरक्यांतच दिसतो.

ताईंनी लेकीसाठी जवळपास हेच केले. नोव्हेंबरच्या निवड स्पर्धेत तिला सोपा डिसमाउंट दिला. त्याचे गुण कमी आणि निवड हुकणार हे उघड होते. तशी ती हुकलीही. इकडे सरावात फ्लायअवेचे तुकडे पाडले. आधी नुसता लहान झोका, हात सोडायचे आणि पायांवर उतरायचे, कोलांटी नाही. मग खांद्याच्या उंचीइतक्या गाद्या रचून त्यांवर पाठीवर पडायचे. मग कोलांटी, पण पाठीखाली ताईंचा हात. मग हात नाही, गाद्या आहेत. मग एकेक गादी कमी. एखाद्या दिवशी बोटे पुन्हा अडली तर काढलेली गादी परत यायची. त्यावर कुणी बोलायचे नाही, तो दिवस वाया गेला असे मानायचे नाही.

आम्हां दोघांकडे ताईंनी एकच गोष्ट मागितली : घरी विचारायचे नाही. शब्दांवर पोट असलेल्या माणसांना हे किती अवघड! जिद्द, निर्धार, आग्रह : पारितोषिक वितरणाच्या भाषणांतून आम्ही वर्षानुवर्षे वाटत आलेले सारे शब्द जिभेवर येत आणि आम्ही ते गिळत असू. गिळता गिळता त्यांच्याकडे नीट पाहिलेही. ‘निर्धार’ शब्दात ‘धृ’ आहे, ‘आग्रह’ शब्दात ‘ग्रह्’. दोन्ही धातूंचा अर्थ धरणे, पकडणे. प्रयत्नवादाची आमची शब्दसंपदा बरीचशी मुठी आवळण्याची आहे. लेकीच्या मुठी आधीच आवळलेल्या होत्या. तिला आणखी निर्धार देणे म्हणजे बार आणखी घट्ट धरायला सांगणे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी, कोणताही खास प्रसंग नसताना, तिने वरच्या बारवरून पूर्ण फ्लायअवे केला. आम्ही तिथे नव्हतो. रात्री जेवताना तिने सांगितले, “आज जास्तीची गादी नव्हती,” आणि आमटी वाढून घेतली. आम्हीही काही विचारले नाही. अडसर कायमचा गेला असे ती म्हणत नाही, ताईही म्हणत नाहीत. अधूनमधून गादी परत येते, दोन दिवस राहते, जाते.

आमच्या विभागात दरवर्षी एखादा विद्यार्थी असा असतो, ज्याचे वाचन झालेले असते, टिपणे तयार असतात, आणि प्रबंधिकेचे पहिले प्रकरण मात्र हातून सुटत नाही. त्याची सबब तब्येतीची असते किंवा संदर्भांची. यंदा अशा एकीकडून आम्ही प्रकरण मागणे थांबवले आहे. दर सोमवारी एक पान, खाडाखोडीसकट, गुण नसलेले. चार पाने आली आहेत. पाचव्या सोमवारी ती रिकाम्या हाताने आली, तेव्हा आम्ही तिला पुढच्या वेळी अर्धेच पान आणायला सांगितले.