‘अंद्र एनवा?’

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारची जेवणं आटोपून आम्ही घरचे सगळे सोप्यात बसलो होतो आणि आमच्या लेकीनं जाहीर केलं, की ती एम.कॉम. करणार नाही. बी.कॉम.ची शेवटची परीक्षा नुकतीच झालेली. ‘मग काय करणार?’ असं तिच्या बाबांनी विचारायच्या आत तिनं उत्तरही देऊन टाकलं, “एम.बी.ए. पण आयटी घेऊन.”

सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्या माहेरच्या बैलहोंगलच्या. लग्न होऊन बेळगावात आल्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात, पण काही महत्त्वाचं विचारायचं असलं की प्रश्न कानडीतच येतो. अडकित्ता थांबवून त्या माझ्याकडे वळल्या, “अंद्र एनवा?”

मी अर्थशास्त्राची प्राध्यापिका. धारवाडला एम.ए. केलं आणि गेली वीस वर्षं वर्गात उभी राहून मागणी-पुरवठा समजावून सांगते आहे. पण त्या दोन शब्दांपुढे माझी विकेट गेली. मराठीत सुरुवात केली, मध्येच कानडीत शिरले, इंग्रजीचा आधार घेतला आणि शेवटी “कॉम्प्युटर आणि व्यापार, दोन्ही शिकवतात” एवढं सांगून सुटका करून घेतली. “दोन्ही शिकलं की एकही धड येत नाही,” असं म्हणून सासूबाईंनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं. नुसतं मत असतं तर गोष्ट वेगळी. मी ते एकाला सल्ला म्हणून दिलं होतं.

२००९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मंदीमुळे आयटीतल्या नोकरभरतीला खीळ बसलेली. माझा एक बी.कॉम.चा विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. मुलगा हुशार, वडील यंत्रमागावर कामाला. त्याला पुण्याला जाऊन एम.सी.एम. म्हणजे मास्टर ऑफ कॉम्प्युटर मॅनेजमेंट करायचं होतं. मी त्याला म्हटलं, “बाळा, इंजिनिअर तुला आपला म्हणणार नाहीत आणि मॅनेजर तुला मेकॅनिक समजतील. गपचूप एम.कॉम. कर.” त्यानं केलं. सल्ला देणाऱ्याचं काय जातं! अभ्यासक्रमात काय शिकवतात, हे मी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं.

आज तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब सांभाळतो. रविवारच्या त्या बोलण्यानंतर मला त्याची आठवण झाली आणि फोन केला. “शनिवारी या मॅडम, मुलीलाही आणा,” म्हणाला.

फौंड्रीत मी पहिल्यांदाच गेले. एवढी वर्षं उद्यमबागेवरून जाते-येते, आत काय चालतं ते ठाऊक नव्हतं. एका बाजूला वाळूचे साचे, पलीकडे भट्टी, आणि सगळ्यांच्या अंगावर सारखीच काळी धूळ. साच्यात ओतलेलं लोखंड निवलं की साचा फोडतात, वरची जादा टोकं तोडतात, घासूनपुसून माल पुढे जातो. ज्यात भोक पडलं किंवा वाळू अडकली तो नग बाद.

मग त्यानं त्यांच्या सॉफ्टवेअरची कथा सांगितली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मालकांनी ठरवलं, आता हिशेब, माल, पाठवणी सगळं एकाच सॉफ्टवेअरवर घ्यायचं. बाहेरगावच्या एका कंपनीकडून ते घेतलं. बसवायला आलेला मुलगा कॉम्प्युटरमध्ये तरबेज, पण फौंड्री त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्यानं ऑफिसात बसून फॉर्म तयार केले आणि गेला. पहिल्याच महिन्याअखेरीस कॉम्प्युटर सांगू लागला, की गोदामात लोखंड कमी आहे. प्रत्यक्षात अंगणात ढीग दिसतोय! पुढच्या महिन्यात फरक आणखी वाढला. चोरीचा संशय आला, गोदामाच्या माणसाला दोनदा आत बोलावून विचारणा झाली. सहा महिने कॉम्प्युटर आणि जुनी वही असे दोन हिशेब शेजारी शेजारी चालले, आणि दोन्ही लिहायचं काम याच्याकडे.

शेवटी त्या कंपनीनं दुसऱ्या एका मुलीला पाठवलं. तिचं शिक्षण म्हणजे नेमकं हेच, आयटी आणि व्यवस्थापन. ती पहिले तीन दिवस कॉम्प्युटरला शिवलीच नाही. भट्टीपासून पाठवणीपर्यंत फिरत राहिली. बाद नग कुठं जातात असं तिनं फोरमनला विचारलं. तो म्हणाला, “वाया कुठं जातंय? परत भट्टीतच जातंय की!”

घोळ तिथं होता. बाद झालेला नग आणि तोडलेली टोकं फौंड्रीत पुन्हा वितळवतात. कॉम्प्युटरला मात्र ‘बाद’ म्हणजे ‘गेलं’ एवढंच शिकवलेलं. त्यामुळे तो दर दिवशी लोखंड वजा करत होता. सॉफ्टवेअरवाल्यानं विचारलं नाही, आणि फोरमनला सांगावंसं वाटलं नाही, कारण त्याच्या लेखी ही सांगायची गोष्टच नव्हती.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या भागाची. तिनं फॉर्म दुरुस्त केला, लोखंडाचा हिशेब जुळला. एवढ्यावर काम संपलं असतं. पण तिनं मालकांपुढे आणखी एक कागद ठेवला. लोखंड परत येतं हे खरं, पण ते वितळवायला जळलेली वीज परत येत नाही, ओतणाऱ्याची मजुरी परत येत नाही. इतकी वर्षं ‘वाया कुठं जातंय’ म्हणत कुणी तो खर्च मोजलाच नव्हता. पहिली चूक शोधायला कॉम्प्युटरची समज लागली, दुसरीला कॉस्टिंगची. आणि दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात असल्याशिवाय त्या एकमेकींशेजारी आल्या नसत्या. शिवाय तिला फोरमनशी मराठीत आणि भट्टीवरच्या माणसांशी कानडीत बोलता येत होतं, हे तो सांगायचं विसरला नाही.

“ती अशी काही कामं असतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं मॅडम,” तो सहज म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मीच चहाच्या कपाकडे बघत बसले. २००९ साली मलाही माहीत नव्हतं, पण मी माहीत असल्यासारखी बोलले होते. हे त्याला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

घरी येऊन लेकीनं आणलेली माहितीपत्रकं या वेळी मी नीट वाचली. त्यात डेटाबेस आहे, हिशेब आहे, सिस्टीम अ‍ॅनालिसिस आहे, माणसांच्या वागणुकीचा पेपर आहे, प्रकल्प व्यवस्थापन आहे. आणि दोन वर्षांच्या मध्यावर एखाद्या कंपनीत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम. या वर्गांत हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं उदाहरण हमखास शिकवतात. १९९९ साली त्यांनी नवी संगणक यंत्रणा घाईनं सुरू केली, तीही हॅलोवीन सणाच्या तोंडावर. चॉकलेटं तयार होती, गिऱ्हाइकं मागत होती, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचवता आल्या नाहीत. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एखाद्या मिठाईवाल्यानं दुकानाचं छप्पर काढायला घ्यावं, तसंच हे! यंत्रणा केव्हा सुरू करायची, हा प्रश्न कॉम्प्युटरचा की व्यापाराचा? लेकीनं मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही. वर्गात विद्यार्थ्यांना गप्प करायची सवय घरात उपयोगी पडत नाही.

पण सगळंच गोड आहे असंही नाही. काही ठिकाणी साध्या एम.बी.ए.ला कॉम्प्युटरचे दोन पेपर चिकटवून नाव तेवढं झकास ठेवलेलं असतं. म्हणून आम्ही माहितीपत्रकातले हसरे फोटो बाजूला ठेवले आणि गेल्या वर्षीची मुलं प्रत्यक्ष कामाला कुठं गेली होती ते विचारलं. एका कॉलेजात उत्तर देणाऱ्या बाईंनी विषयच बदलला. ते कॉलेज आम्ही यादीतून काढलं. ज्याला प्रोग्रॅमिंगमध्येच रमायचं आहे त्यानं सरळ एम.सी.ए. करावं, पूर्वी तीन वर्षांचा असलेला तो अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला आहे. आता कोड लिहायला एआय आहे, मग हे शिकून काय, असंही शेजारच्या काकांनी विचारून घेतलं. त्या एआयला बाद नग परत भट्टीत जातात हे कोण सांगणार, असं लेकीनं त्यांना विचारलं. काकांना काही कळलं नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. कर्नाटकाची पीजीसीईटी दिली, त्यातून जागा मिळाली तर आपल्या गावातच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, घरचं जेवून शिकता येईल. पुण्याला जायचं तर फी, वसतिगृह, खाणावळ. यांनी कागदावर आकडे मांडले, दोनदा बेरीज केली आणि चष्मा काढून ठेवला. शैक्षणिक कर्ज घ्यावं लागेल. वरच्या मजल्याचं बांधकाम पुन्हा पुढे गेलं. मी काही बोलले नाही, पण त्या खोलीत माझं पुस्तकांचं कपाट यायचं होतं.

शेवटी दोन्ही राज्यांचे अर्ज भरायचे ठरले. महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे. त्याची कागदपत्रं मांडून लेक लॅपटॉपवर बसली आणि मातृभाषेच्या रकान्यापाशी थांबली. “आई, इथं काय लिहू? आज्जीची की तुझी?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. इतके दिवस त्या या सगळ्यापासून अलिप्त होत्या, निदान तसं दाखवत तरी होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मराठी बरी.”

“आज्जी, हे कानडीतलं ‘बरी’ की मराठीतलं?” लेकीनं विचारलं.

सासूबाईंनी अडकित्ता उचलला. “तू लिही की आधी,” म्हणाल्या.