मोठा टर्बो की तोच टर्बो?

बेळगावची भाजी रोज गोव्यात जाते, हे आपल्यापैकी सगळ्यांना माहीत आहे. ती नेणाऱ्या गाड्यांतली एक आमची. बाबांनी कर्ज काढून घेतलेली ही डिझेल पिकअप धाकटा भाऊ चालवतो आणि हिशेब मी बघते. जाताना कोबी, फ्लॉवर, मिरची. येताना नारळ, नाहीतर बर्फातली मासळी. म्हणजे चोर्ला घाट आमची गाडी भरलेलीच उतरते आणि भरलेलीच चढते.

गेल्या पावसाळ्यानंतर चढाला तिचा दम निघू लागला. जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागायचा. मागून निळसर धूर आणि अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज. मिस्त्रींनी हवेचा पाईप सोडवला तर आत ऑइल. टर्बोचा दांडा त्यांनी दोन बोटांत धरून हलवून दाखवला. "हा गेला की. एवढा हलायला नको."

धाकट्याचं आधीच ठरलं होतं. मोठा टर्बो बसवायचा आणि सोबत ईसीयूचं रिमॅपिंग करायचं. "ताई, खर्च करायचाच आहे तर ताकद तरी वाढवू या." बाबांचं उलट. जुन्या बाजारात मिळेल तो टर्बो आणा, पण गाडी उभी ठेवू नका. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याकडे गेलं की परत येत नाही. दोघांचीही काळजी खरी होती. पैसे मात्र माझ्या वहीतून जाणार होते, म्हणून मी दोन दुपारी गॅरेजात जाऊन बसले आणि सगळं विचारून घेतलं.

टर्बोचं काम ऐकायला सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणारे तापलेले वायू एक चक्र फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, तर डिझेलही जास्त आणि नीट जळतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आपल्या गाड्यांत हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ८ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. ती तूटसुद्धा टर्बोच भरून काढतो.

मग मोठा टर्बो का नको? मोठं चक्र फिरवायला वायूंचा जोरही मोठा लागतो. घाटाच्या वळणावर भरलेली गाडी १५०० आरपीएमच्या आसपास असते, आणि तिथे मोठा टर्बो अजून जागाच झालेला नसतो. त्याची खरी ताकद वरच्या आरपीएमला, सरळ रस्त्यावर. आम्हाला तिचा उपयोग काय? शिवाय रिमॅपिंग करून डिझेल वाढवलं की वायूंचं तापमान चढतं, आणि जास्तीचा भार क्लच, गिअरबॉक्स, हेड गॅस्केट यांच्यावर येतो. कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. उद्या अपघात झाला आणि विमा नाकारला गेला, तर उरलेले हप्ते भरायचे कशातून?

बाबांच्या जुन्या टर्बोवर मिस्त्री एवढंच म्हणाले, "त्याचा दांडा, सील किती झिजलंय ते कोण सांगणार? सीलमधून ऑइल जास्त आत गेलं तर डिझेल इंजिन तेच जाळत पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही." भरलेली गाडी, घाट आणि स्टिअरिंगवर धाकटा. बाबा पुढे काही बोलले नाहीत.

शेवटी त्याच पार्ट नंबरचा नवा टर्बो घेतला. जुना का गेला तेही सापडलं. त्याला ऑइल पुरवणारी बारीक नळी आतून कार्बनने अर्धी बुजली होती. तीच ठेवली असती तर नवाही गेला असता. नळी बदलली, चिरलेले हवेचे पाईप बदलले, इंटरकूलर आतून धुतला, ऑइल आणि फिल्टर नवे घातले. सुरू करण्याआधी मिस्त्रींनी टर्बोत थोडं ऑइल ओतलं आणि इंजिन पेटू न देता स्टार्टर फिरवला, म्हणजे पहिल्या फेऱ्यालाही दांडा कोरडा राहू नये. गाडी दोन दिवस उभी होती. आमची भाजी शेजाऱ्यांच्या गाडीतून गेली. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

आता नारळ भरून गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये चढते. धाकटा म्हणतो, "एवढी ताकद हिच्यात होती, हेच मी विसरलो होतो." मोठ्या टर्बोची त्याची हौस मात्र गेलेली नाही!

तुमच्या घरी टर्बोची डिझेल गाडी असेल तर दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सुरू केल्याबरोबर रेस करू नका. आणि घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून मगच बंद करा. नाहीतर ऑइल वाहायचं थांबतं आणि तापलेल्या टर्बोत करपून त्याचा कार्बन होतो. आमच्याकडे हे काम बाबांनी घेतलंय. गाडी दारात आली की ते खिडकीतूनच ओरडतात, "थांब की जरा, लगेच बंद करू नकोस!"